कोकणात शॉर्टफिल्म करताय? जॉनर आणि शैलीच्या या चुका टाळा

पाऊस ओसरला, भातकापणी झाली की रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंत गावोगाव शॉर्टफिल्मची शूटिंगं सुरू होतात. कॅमेरा मित्राचा, घर मामाचं, कलाकार गावच्या नाटकातले. हौस खरी असते आणि मेहनतही. तयार झालेली फिल्म कुणी पाठवली की मी ती शेवटपर्यंत बघतो, आणि अडचण बहुधा एकाच ठिकाणी सापडते. आपण कुठल्या प्रकारचा सिनेमा, म्हणजे कुठलं जॉनर, करतोय हे दिग्दर्शकाने ठरवलेलं नसतं, आणि 'माझी शैली' म्हणून जे पडद्यावर आलंय ते दुसऱ्या कुणाकडून उचललेलं असतं. या चुका पटकथेच्या कागदावरच दुरुस्त करता येतात. एडिट टेबलवर त्या निस्तरणं फार जड जातं.

कोकण म्हणजेच जॉनर, असं धरून चालणं

ही सगळ्यात मोठी चूक. ड्रोनमधून माडांचे शेंडे, खाली कौलारू घर, मागे विहीर, हातात कंदील, आणि पार्श्वसंगीतात घुमणारा आवाज. झाला भयपट. पण माडाला आणि विहिरीला स्वतःची भीती नसते. ती कथेने त्यांच्यात घालावी लागते.

पाऊस घ्या. राही अनिल बर्वे यांच्या 'तुंबाड'मध्ये (२०१८) पाऊस हा शाप आहे. देवांच्या कोपाने गावावर तो अखंड कोसळतो, आणि म्हणून माणसं, भिंती, कपडे सगळं कायम ओलं आणि कुजकं दिसतं. तोच कोकणचा पाऊस अविनाश अरुण यांच्या 'किल्ला'मध्ये बघा. वडील गेलेले, आईची बदली झालेली, नव्या गावात आलेला एक मुलगा. मित्रांबरोबर सायकलची शर्यत लावत किल्ल्यावर जातो, पाऊस येतो, आणि तो तिथे एकटाच उरतो. भूत नाही, शाप नाही. नव्या गावात आपलं कुणी नाही एवढंच त्या पावसातून कळतं, आणि ते पोटात खोल जातं. २०१४ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात मुलांच्या ज्यूरीने या चित्रपटाला क्रिस्टल बेअर दिलं. दोन्हीकडे पाऊस तोच, पण तो काय काम करतो हे आधी जॉनरने ठरवलं आणि मग दिग्दर्शकाच्या नजरेने.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. 'तुंबाड'मधला तो वाडा, जो बघून लोक 'अस्सल कोकण' म्हणतात, तो सासवडचा आहे. घाटावरचा. तेव्हा आपल्याकडे खरा वाडा आणि खरी विहीर आहे म्हणून आपला भयपट आपोआप उभा राहील, या भरवशावर राहू नका. पटकथेतला प्रत्येक 'कोकणी' शॉट काढून बघा. तो काढल्यावर कथेचं काही बिघडत नसेल, तर त्या शॉटवर दिवस घालवू नका.

संकेत मांडायच्या आधीच मोडणं

'मला टिपिकल भयपट करायचा नाही,' हे वाक्य प्रत्येक नवा दिग्दर्शक बोलतो. त्यामागची इच्छा चांगलीच आहे, पण टिपिकल काय, म्हणजे त्या जॉनरचे ठरलेले संकेत कोणते, ते प्रेक्षकाला आधी दाखवावं लागतं, तेव्हाच त्यापासूनचं वळण जाणवतं.

दिग्दर्शकाची वैयक्तिक शैली ही कल्पना ज्यांनी गाजवली त्यांचा इतिहास इथे उपयोगी पडतो. १९५४ मध्ये फ्रान्स्वा त्रुफो यांनी 'काये द्यु सिनेमा' या फ्रेंच मासिकात दिग्दर्शक हाच चित्रपटाचा कर्ता असावा, अशी बाजू हिरिरीने मांडली. १९६२ मध्ये अमेरिकन समीक्षक अँड्र्यू सॅरिस यांनी तोच विचार पुढे नेला. पण या मंडळींनी डोक्यावर घेतलेले दिग्दर्शक कोण होते? हिचकॉक आणि हॉवर्ड हॉक्स. एक आयुष्यभर रहस्यपट आणि थरारपट करत राहिला. दुसऱ्याने वेस्टर्न (काउबॉयपट) केले, विनोदी केले, गुन्हेगारीपट केले, सगळे स्टुडिओच्या चौकटीत. शैली जॉनरच्या बाहेर पळून मिळते हा आपल्याकडचा गैरसमज या दोन नावांनीच पुसला जायला हवा.

भयपटाचा सगळ्यात जुना संकेत म्हणजे भुताचे नियम. ते कुठे असतं, त्याला काय हवंय, ते काय करू शकत नाही. आपल्याकडे हे नियम आजीने आयते सांगून ठेवलेत. मुंजा पिंपळावर. चकवा माणसाला रात्रभर त्याच त्या जागी फिरवतो, वाट सापडू देत नाही. तळकोकणातला देवचार तर राखणदार, त्याचा मान दिला की तो सांभाळतो. असं असताना फिल्ममध्ये मुंजा माडावर चढतो, चकवा गळा दाबतो आणि देवचार दिसेल त्याला मारत सुटतो. गावातला प्रेक्षक तिथेच फिल्ममधून बाहेर येतो, आणि मुंबईच्या प्रेक्षकालाही काहीतरी पोकळ वाटतं, कारण काहीही होऊ शकतं म्हटल्यावर कशाचीच भीती उरत नाही. 'मुंज्या' (२०२४) चालला त्यात नियम पक्के असण्याचा मोठा वाटा आहे असं मला वाटतं. मुंज झाल्या झाल्या मेलेला पोरगा, त्याचं झाड आणि त्याची लग्नाची हाव हे सुरुवातीलाच स्वच्छ सांगितलंय. एकदा ते पक्कं झालं की मग हसवायला दिग्दर्शक मोकळा.

'मुंज्या'चेच दिग्दर्शक आदित्य सरपोतदार यांचा 'नारबाची वाडी' (२०१३) बघितला असेल तर अजून एक गंमत दिसेल. तिथे भूत नाही. म्हातारा नारबा आणि त्याच्या मरणाकडे डोळे लावून बसलेला खोत. जॉनर वेगळा, पण मरणाला खेटून हसू उभं करायची खोड दोन्हीकडे आहे. शैली अशी दोन वेगळ्या कामांमध्ये ओळखू येते. पहिल्याच फिल्मला 'सिग्नेचर' शोधत बसू नका.

अमावास्येच्या रात्री उघडी पुळण

तपशिलाची चूक ही जॉनरचीच चूक कशी असते, याचं हे उदाहरण. अमावास्या, मध्यरात्र, समुद्रकिनारा, पुळण म्हणजे ओली वाळू लांबवर पसरलेली, तिच्यावर पांढरी आकृती. अमावास्येला चांदणं पडल्याची चूक सगळेच पकडतात. पण पाण्याचं काय?

किनाऱ्यावर राहणाऱ्यांकडे भरतीचा साधा हिशोब असतो. तिथीला तीनाने गुणायचं आणि चाराने भागायचं, येईल ती भरतीची वेळ. अष्टमीला सहा वाजता भरती. पंधरावी तिथी, म्हणजे पौर्णिमा किंवा अमावास्या, साधारण सव्वाअकराला. पुढची भरती त्यानंतर साडेबारा तासांच्या आत. म्हणजे अमावास्येच्या मध्यरात्री समुद्र भरलेला असतो, आणि तोही उधाणाचा. तुमची पांढरी आकृती जिथे उभी आहे तिथे कंबरभर पाणी हवं. दालदी आणि गाबीत या मच्छीमारांच्या वस्तीतला प्रेक्षक ते बघून हसतो. भयपटात नको तिथे हसू आलं की पुढची दहा मिनिटं वाया जातात.

हेच ज्ञान उलटं वापरा. हिचकॉक धक्का आणि सस्पेन्स यांतला फरक सांगायचे. टेबलाखालचा बॉम्ब अचानक फुटला तर धक्का. तो तिथे आहे हे प्रेक्षकाला आधी ठाऊक असेल आणि पात्रं निवांत गप्पा मारत असतील, तर सस्पेन्स. आपल्या खाडीत हा बॉम्ब दिवसातून दोनदा आयता मिळतो. पहिल्या दृश्यात कुणीतरी सहज विचारू दे, 'आज तिथी कोणती?' मग खडकांपलीकडे कालवं काढायला गेलेली मुलं दाखवा. एक खडक फ्रेममध्ये ठेवा, कोरडा. पुढच्या शॉटमध्ये तोच खडक अर्धा. मुलं हसतायत. तिसऱ्या शॉटमध्ये खडक नाही. संगीताची गरज नाही, भुताचीही नाही.

शूटिंगच्या नियोजनात हा हिशोब चुकला तर दुरुस्ती अवघड असते. भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, सूर्य मात्र आपल्या वेळेवर मावळतो. म्हणून आजचा अर्धा राहिलेला संध्याकाळचा सीन उद्या त्याच वेळी घेतला तर ऊन जुळतं, पाणी जुळत नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास संध्याकाळी ओहोटी असते, पुळण रुंद आणि ओली मिळते, आकाश तिच्यात उतरतं. अष्टमीला त्याच वेळी भरती. सीन तुटलाच तर दुसऱ्या दिवशी न धावता पंधरवड्याने त्याच तिथीच्या आसपास परत या. आणि सूर्य बुडाल्यावर वापरता येण्याजोगा उजेड वीसेक मिनिटं टिकतो, तेवढ्यात दोन शॉट नीट घेता येतात, आठ नाही.

दुसऱ्याच्या शैलीचं साल सोलून लावणं

जपानी दिग्दर्शक ओझूंचे चित्रपट बघून कुणी कॅमेरा जमिनीलगत ठेवतो. अमेरिकन दिग्दर्शक क्युब्रिक बघून प्रत्येक फ्रेम दोन्ही बाजूंनी सारखी करतो. कारण विचारलं तर 'मला ते आवडतं.' आवड असू दे, पण ओझूंचा कॅमेरा खाली आहे तो चटईवर बसून जगणाऱ्या घरांमध्ये, बसलेल्या माणसाच्या नजरेच्याही खाली, आणि तो तिथे वर्षानुवर्षं, चित्रपटामागून चित्रपट टिकला. तुमच्या घरात माणसं कुठे बसतात? ओटीवर, झोपाळ्यावर, पडवीत पायरीला टेकून, मागल्या दारी चुलीपाशी पाटावर. कॅमेऱ्याची उंची तिथून शोधली तर तुमचं काहीतरी निघेल.

जपानी दिग्दर्शक कुरोसावांचा 'योजिम्बो' (१९६१) आणि इटालियन दिग्दर्शक सर्जिओ लिओनेंचा 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स' (१९६४) शेजारी ठेवून बघा. कथा इतकी एकच की 'योजिम्बो'च्या तोहो कंपनीने दावा लावला आणि भरपाई मिळवली. कथा उचलणं चूकच होती. पण पडद्यावर बघताना दोघांची गफलत कधीच होत नाही. कुरोसावांकडे वारा, धूळ आणि एकाच फ्रेममध्ये ताणून उभे केलेले माणसांचे गट. लिओनेंकडे डोळे, घाम, आणि गोळी सुटायच्या आधीचं न संपणारं थांबणं. म्हणजे कथा तीच असतानाही वेळ कुठे घालवायचा याचा निर्णय ज्याचा त्याचा राहिला.

तुमचा निर्णय शोधायला एक सराव सुचवतो. दाभोळ-धोपाव्याची शेवटची फेरीबोट सुटली आणि एक माणूस जेटीवर राहिला, एवढाच प्रसंग घ्या. आधी थरारपट म्हणून लिहा: जेटीवर तो एकटा नाही. मग विनोदी म्हणून: पलीकडे त्याचाच साखरपुडा आहे. मग कौटुंबिक: पलीकडे वडील अत्यवस्थ आहेत. तिन्ही मोबाइलवर शूट करा. तीन जॉनरमुळे काय काय बदललं ते दिसेलच, पण तिन्हीत तुम्ही न ठरवता जे केलंत ते टिपून ठेवा. तुम्ही तिन्ही वेळा माणसापेक्षा त्याच्या पिशवीकडे बघत होतात का? बोट लांब जाईपर्यंत कट करायला तयार नव्हतात का? चौथी फिल्म त्यावर उभी करा.

रंगांबद्दल थोडक्यात. हिरवट-निळं ग्रेडिंग (एडिटनंतर चढवलेला रंग) म्हणजे शैली नव्हे. माडा-पोफळीच्या आगरात कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स (उजेडाप्रमाणे रंग जुळवण्याची सेटिंग) ऑटोवर ठेवला तर दर शॉटला चेहऱ्याचा रंग बदलतो, आणि तो झाकायला ग्रेडिंग लावावं लागतं. व्हाइट बॅलन्स लॉक करा, जांभ्याचा लाल रंग लाल राहू द्या.

बोली आणि गाऱ्हाणं

सगळं कोकण मालवणी बोलत नाही. रत्नागिरीकडे संगमेश्वरी, रायगडात आगरी, त्यात पुन्हा समाजासमाजाची बोली वेगळी. चिपळूणच्या घरात सावंतवाडीची भाषा ऐकू आली की कौटुंबिक चित्रपटाचा विश्वासच जातो.

जॉनरचा प्रश्न याहून नाजूक आहे. गंगाराम गवाणकरांचं 'वस्त्रहरण' मच्छिंद्र कांबळींनी गाजवलं आणि मालवणी महाराष्ट्रभर पोचली, पण हसत पोचली. बाहेरचा प्रेक्षक ती ऐकताच हसायला तयार होऊन बसतो. गंभीर फिल्म करणार असाल तर पहिल्या दोन मिनिटांत त्याची ही सवय तुम्हाला सोडवावी लागेल. पहिला मालवणी संवाद रागाचा किंवा दुःखाचा ठेवा. नाहीतर ओळख पटेपर्यंत संवादच ठेवू नका.

याच सवयीमुळे गाऱ्हाण्याचं फार नुकसान झालंय, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. गाऱ्हाणं घालणारा देवापुढे एकेक मागणं मांडतो आणि जमलेली माणसं 'व्हय म्हाराजा' म्हणतात. फिल्ममध्ये हे नेहमी विनोदासाठी येतं. एकदा कॅमेरा गाऱ्हाणं घालणाऱ्यावरून काढून म्हणणाऱ्यांवर ठेवून बघा. मुंबईला गेलेल्या लेकासाठी मागणं चाललंय, सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणतायत, आणि मागच्या ओळीत एकाचे ओठ हलत नाहीत. इथून रहस्यपट सुरू होतो. संवाद तेच, पद्धत तीच, एकही संकेत मोडलेला नाही.

पाठवण्याआधी

फिल्म स्पर्धेला पाठवायच्या आधी तिची पहिली तीन मिनिटं कथा ठाऊक नसलेल्या दोघांना दाखवा, एक गावातला आणि एक बाहेरचा. दोघांना वेगवेगळं विचारा, 'हा कसला सिनेमा आहे, आणि पुढे काय होईल?' उत्तरं जुळली नाहीत तर शेवट बदलायला जाऊ नका, अडचण सुरुवातीत आहे. नावं सुरू व्हायच्या आधीचा ड्रोन शॉट काढा, पहिला आवाज बदला, आणि ज्या दृश्यात भुताचा, गुन्ह्याचा किंवा भांडणाचा नियम पहिल्यांदा कळतो ते दृश्य पुढे आणा. मग आणखी दोन नवीन माणसं शोधा, आधीच्या दोघांना आता कथा कळलेली असते.