सोलर बसवताना गावच्या डीपीचाही हिशेब करा

गावठाणातल्या तारा सांभाळत माझी नोकरी झाली. छपरावर सोलर बसवायचंय म्हणून कुणी सल्ला विचारायला आलं, की मी आधी वीजबिल मागतो. त्यात वीज आकार, स्थिर आकार आणि वहन आकार वेगवेगळे छापलेले असतात. वहन आकार म्हणजे तारा, खांब, डीपी (गावचा ट्रान्सफॉर्मर) यांचा खर्च, आणि तो युनिटवर लागतो. खरी गोम इथेच आहे.

समजा, एका डीपीवर ४० घरं आहेत, प्रत्येकी महिन्याला १०० युनिट, आणि तारा-खांबांचा खर्च ८,००० रुपये. युनिटमागे २ रुपये झाले. नेट मीटरिंगमुळे, म्हणजे तारेत दिलेले युनिट घेतलेल्या युनिटांतून वजा होत असल्यामुळे, १० घरांचं युनिट शून्यावर आलं, तर तोच खर्च ३,००० युनिटांवर बसतो. झाले २ रुपये ६७ पैसे. प्रत्यक्षात वीज नियामक आयोग अख्ख्या वीज कंपनीचा खर्च धरून दर ठरवतो, त्यामुळे एका गावाने फरक जाणवत नाही. पण गावोगावी सोलर वाढलं की भार सरकतो तो याच बाजूला, ज्याच्या डोक्यावर पत्रा आहे आणि सोलर परवडत नाही त्याच्याकडे. हे मला सलतं.

खर्च कमी का होत नाही? कारण डीपी लागतो संध्याकाळी ७ ते १०च्या लोडसाठी, आणि तेव्हा ऊन नसतं. दुपारी गावठाणात लोड जेमतेम. बऱ्याच ठिकाणी शेतीपंप वेगळ्या फीडरवर (उपकेंद्रातून येणाऱ्या वेगळ्या लाइनवर) असतात, त्यामुळे छपरांवरची वीज उलटी तारेत शिरते आणि व्होल्टेज चढतं.

तरीही सोलर बसवाच, फक्त मापात बसवा. १ किलोवॅटला दिवसाला साधारण ४ युनिट मिळतात. महिन्याला २४० युनिट जळत असतील तर २ किलोवॅट पुरे. केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे म्हणून गरज नसताना ३ घेऊ नका. वर्षअखेर उरलेल्या युनिटांना मिळणारा दर आपण वीज घेतो त्या दरापेक्षा बराच कमी असतो.

मोटार, घरगुती गिरणी, वॉशिंग मशीन, इस्त्री ही कामं ११ ते ३ मध्ये उरका. वीज तिथल्या तिथे वापरली गेली की लांबच्या तारेतला करंट घटतो, आणि करंट निम्मा झाला तर तारेतली गळती चौथाईवर येते. डीपीला खरी मदत होते ती इथे.

बसवण्याआधी दुपारी १ वाजता बोर्डावर मल्टिमीटर लावून बघा. २३० व्होल्टच्या आसपास असायला हवं ते २५०च्या वर दिसलं, तर तुमच्या फेजवर (तीनपैकी ज्या तारेवर तुमचं घर आहे तिच्यावर) आधीच सोलर दाटलेलं असू शकतं. वायरमनला सांगून घराचा फेज बदलता येतो का ते विचारा. स्वतः हात घालू नका. ५ किलोवॅटपर्यंतच्या सोलरसाठी तार किंवा डीपी वाढवायचा असेल, तर २०२४च्या केंद्राच्या नियमानुसार तो खर्च वीज कंपनीचा. तुमच्याकडे कुणी मागितला तर लेखी मागा. (हा खर्चही पुढे सगळ्यांच्याच दरात येतो.)

आणि लाइन गेली की सोलरचा इन्व्हर्टर बंद पडतो, तो पडू द्या. 'जुगाड करून चालू ठेवतो' म्हणणाऱ्याला दारात उभं करू नका. तसं केलं तर तुमची वीज बंद तारेत शिरते, आणि तेव्हा खांबावर आमचा माणूस चढलेला असतो.