शाळेबरोबर आर्ट ट्रिपला पॅरिसला जाताना

शाळेने पॅरिस आर्ट ट्रिपची नोटीस काढली की घरात पहिला प्रश्न खर्च किती आणि दुसरा जेवणाचं काय, चित्रांबद्दल कोणी काही विचारतच नाही. म्हणून मी चित्रांपासूनच सुरू करतो, कागदपत्रं आणि खाणं पुढे आहेच.

आधी सरांकडून किंवा टूरवाल्याकडून दिवसवार प्लॅन मागून घ्या आणि वार तपासा. लूव्र म्युझियम मंगळवारी बंद, ओरांजरी म्युझियम पण मंगळवारीच, ऑर्से आणि रोदँ म्युझियम सोमवारी. उन्हाळ्याच्या सुट्टीत जाणार असाल तर १ मे लक्षात ठेवा, आपला महाराष्ट्र दिन, पण तिकडे कामगार दिन, त्या दिवशी लूव्र आणि ऑर्से दोन्हीला कुलूप. पाँपिदू सेंटर हे आधुनिक कलेचं म्युझियम २०२५ पासून मोठ्या दुरुस्तीसाठी बंद आहे आणि २०३० पर्यंत तसंच राहणार आहे, तुमच्या प्लॅनमध्ये ते नाव असेल तर ब्रोशर जुनं आहे एवढं समजून घ्या. आणि हो, पाँपिदू सोडून वरच्या चारही म्युझियममध्ये १८ वर्षांखालच्या मुलांना कायमच्या संग्रहासाठी तिकीट नाही, म्हणजे पॅकेजमध्ये "विद्यार्थ्यांचे म्युझियम प्रवेश शुल्क" असं लिहिलं असेल तर ते नक्की कशाचे पैसे आहेत ते विचारा, ग्रुप बुकिंगचे किंवा गाईडचे असू शकतात, पण विचारायला काय जातंय. फुकट असलं तरी स्लॉट बुक लागतो आणि वयाचा पुरावा जवळ लागतो.

दिवसाला एकच म्युझियम. टूरवाले दोन-तीन घालतात कारण यादी मोठी दिसली की पालक खूश, पण दुसऱ्या म्युझियममध्ये मुलं फक्त बाक शोधत असतात. लूव्र बुधवारी आणि शुक्रवारी रात्री ९ पर्यंत उघडं असतं, ऑर्से गुरुवारी पावणेदहापर्यंत, तर संध्याकाळचा स्लॉट मिळतो का बघायला सांगा, गर्दी जरा कमी असते.

आता मुलांनो तुमच्यासाठी. म्युझियम अख्खं बघायचं नाही. जायच्या आधी घरी वेबसाइटवर बसून प्रत्येक म्युझियममधली पाच चित्रं किंवा शिल्पं निवडा आणि तिथे गेल्यावर त्यातल्या दोघांसमोर तरी अर्धा अर्धा तास बसा. अर्धा तास खूप वाटतो म्हणून त्याचे भाग पाडा. पहिली पाच मिनिटं पेन्सिल खिशात, नुसतं बघा, उजेड कुठून येतोय, सगळ्यात काळं काय आहे, डोळा आधी कुठे जातो. मग काडेपेटीएवढ्या चौकटीत फक्त काळं-पांढरं, चेहरे नाक डोळे काही नाही. असे दोन-तीन छोटे चौकोन झाले की मग एकच तुकडा निवडा, एखादा हात, कापडाची घडी, कुत्र्याचं डोकं, आणि तो मोठा काढा. रंग शब्दांत लिहून ठेवा, "सावली काळी नाही, जांभळट हिरवी" असं. फोटो सगळ्यात शेवटी, कारण आधी फोटो काढला की मग कोणी बघतच नाही, हे मोठ्यांचंही तसंच आहे.

चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट परीक्षा दिलेल्या मुलांना एक सवय असते, वस्तुचित्र खोडून खोडून सफाईदार करायची. तिथे ती बाजूला ठेवा. मागे लोक उभे राहून बघतात, कोणी हसून मान डोलावतं, कोणी फोटो काढतं, आणि खोडत बसलात तर काहीच होत नाही. याची प्रॅक्टिस इथेच करून जा. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटांच्या संग्रहातली युरोपियन चित्रं आहेत, त्यांच्यासमोर एक रविवार घालवा. पुण्याची मुलं केळकर म्युझियमला जाऊ शकतात. साताऱ्याकडच्यांना तर औंधचं भवानी म्युझियम आहे, औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी उभं केलेलं, तिथे ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूरचं मूळ शिल्प आहे हे आपल्याकडे कितीजणांना माहीत असतं कोण जाणे.

लूव्रमध्ये मोनालिसासमोर जास्त वेळ घालवू नका. ७७ बाय ५३ सेंटिमीटरचं चित्र, पुढे काच, त्याच्यापुढे मोबाईलचं जंगल. बघा आणि मागे वळा. समोरच्या भिंतीवर वेरोनेझे या इटालियन चित्रकाराचं, बायबलमधल्या काना गावच्या लग्नाचं चित्र आहे, जवळजवळ दहा मीटर रुंद, अख्खी पंगत बसलीये, वाजंत्री आहेत, वाढपी आहेत, कुत्री आहेत, आणि बहुतेक लोक त्याच्याकडे पाठ करून उभे असतात. स्केच करायला त्याच्याइतका मसाला दुसरीकडे मिळणार नाही.

ऑर्से म्हणजे १९०० सालचं रेल्वे स्टेशन, त्यामुळे इमारतच काढण्यासारखी आहे. वरच्या मजल्यावर इम्प्रेशनिस्ट मंडळी, सगळे व्हॅन गॉगकडे धावतात, तुम्ही चित्रकार सेझानला वेळ द्या. मुंबईच्या जेजे स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले आपले चित्रकार एस. एच. रझा, त्यांना १९४८ मध्ये काश्मीरमध्ये फोटोग्राफर कार्तिए-ब्रेसाँ भेटला आणि त्याने सांगितलं की तुझ्या चित्रांना बांधणी नाही, सेझान बघ, आणि १९५० मध्ये रझा स्कॉलरशिप घेऊन पॅरिसला गेलेच. ओरांजरीत मोनेची पाणकमळं दोन लंबगोल खोल्यांत भिंतभर पसरलीत, तिथे फक्त रंगांच्या नोंदी करा, रेषा काढायला गेलात तर हाती काही लागत नाही. रोदँ म्युझियमच्या बागेत त्याचा 'विचारवंत' हा पुतळा एकाच बाजूने नको, तीन बाजूंनी काढा, पाठ तर नक्कीच.

सामान थोडंच. ए-फाइव्ह स्केचबुक, २बी ४बी ६बी पेन्सिली, खोडरबर, आणि डबीवालं शार्पनर, कारण म्युझियमच्या फरशीवर भुसा पाडलात तर गार्ड येणार. आत पेन्सिल चालते, ओले रंग आणि ईझल परवानगीशिवाय नाही. वॉटरकलरची छोटी पेटी सेन नदीकाठासाठी ठेवा, मे महिन्यात रात्री नऊपर्यंत उजेड असतो. कटर आणि कात्री केबिन बॅगेत नको, टर्पेंटाइन आणि फिक्सेटिव्ह स्प्रे कुठल्याच बॅगेत नको, पॉवरबँक मात्र केबिनमध्येच.

आता आईबाबांनो तुमच्यासाठी, मुलांच्या व्हिसाचं. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो आणि निर्णयाला साधारण १५ दिवस धरतात, पण उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळणं हीच खरी मारामारी, त्यामुळे शाळेवर ढकलून बसू नका. मुलांचा पासपोर्ट साधारण पाच वर्षांचाच असतो, परतीनंतर तीन महिने तरी शिल्लक पाहिजे. दोन्ही पालकांचं संमतिपत्र, जन्मदाखला, शाळेचं बोनाफाईड, इन्शुरन्स किमान ३० हजार युरोचा. आणि एक गोष्ट फार कमी एजंट सांगतात, शेंगेन नियमांत (फ्रान्ससह युरोपातल्या बऱ्याच देशांचा जो एकच व्हिसा, त्याचे नियम) शैक्षणिक सहलीला जाणारे विद्यार्थी आणि सोबतचे शिक्षक यांना व्हिसा फी माफ आहे, व्हिसा सेंटरचा सर्व्हिस चार्ज तेवढा पडतो, तर शाळेच्या पत्रात शैक्षणिक सहल असं स्पष्ट लिहून घ्या.

खाण्याचं म्हणाल तर चिवडा, चकली, खाकरा, शेंगदाण्याची चटणी खुशाल न्या. पेढे, बर्फी, तूप नको, दुधाचे पदार्थ आणि मांस युरोपात सामानातून नेता येत नाही, आणि हापूसही नाही, कितीही जीव तुटला तरी. शाकाहारी मुलांसाठी मारे भागातलं फलाफल आणि गार द्यू नोर स्टेशनजवळ ला शापेलमध्ये श्रीलंकन तमिळ लोकांची हॉटेलं, डोसा मिळतो. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, बाटल्यांवर पैसे घालवू नका.

मेट्रोत आणि साक्रे-कर चर्चच्या पायऱ्यांजवळ पाकीटमार असतात. कोणी मनगटात दोरा बांधायला आलं किंवा सही करायला कागद पुढे केला तर हात खिशात घालून चालत राहायचं, उत्तरसुद्धा द्यायचं नाही. मेट्रोचं तिकीट किंवा कार्ड प्रत्येकाचं वेगळं, बाहेर पडेपर्यंत जपून ठेवायचं. अडचणीत ११२ ला फोन.

शेवटच्या दिवशी शॉपिंगच्या वेळेत आयफेल टॉवरच्या कीचेनऐवजी के व्होल्तेर या रस्त्यावरच्या सेनेलिए या रंगसाहित्याच्या दुकानात जायला सरांना गळ घाला, लूव्रच्या पलीकडच्या काठावर आहे, १८८७ पासूनचं. त्यांचे ऑइल पेस्टल मुळात पिकासोसाठी केलेले. अख्खा सेट महाग पडतो, दोन-चार सुटे घ्या, आणि ट्यूब घेतल्यात तर त्या चेक-इन बॅगेत टाका.