जीवामृताचा फिल्टर: आधी धुवायचा कसा ते ठरवा, मग बनवा

ड्रिपमधनं जीवामृत, म्हणजे शेण, गोमूत्र, गूळ, बेसन पाण्यात आंबवून केलेलं खत, सोडायचं म्हटलं की पहिला प्रश्न गाळायचा. गाळणी कशी करायची हे शंभर जण सांगतात बघा, पण ती धुवायची कशी हे कोण सांगत नाही. मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला, ऊस आहे, थोडी भाजी आहे, आणि ह्या गाळणीवर मी तीन हंगाम घालवलेत म्हणून सगळं सविस्तर लिहितोय, कुणाचा तरी एक हंगाम वाचला तर बरं.

सुरवातीला मी काय केलं, बाजारातनं २ इंची वाय टाइपचा प्लॅस्टिक फिल्टर आणला आणि त्यातनंच जीवामृत सोडलं. वीस मिनिटं चाललं, मग बंद. टोपण उघडायला गेलो तर आट्यांत शेण आणि गूळ बसलेलं, हातानं फिरेना, पाना लावला तर टोपणाला चीर गेली. आतली जाळी काढून धुतली, परत वीस मिनिटं, परत बंद. पाच-सहा वेळा झाल्यावर काय होतंय माहितीये? माणूस जाळीच काढून ठेवतो. मी पण तेच केलं, खोटं कशाला बोलू, आणि पुढच्या महिन्यात दोन ओळी लॅटरल (पिकाजवळनं जाणाऱ्या ड्रिपच्या बारीक नळ्या) बदलाव्या लागल्या कारण ड्रिपरमधी, म्हणजे थेंब पडतात त्या तोंडांत, चघाळ आणि बेसनाचा थर जाऊन बसला होता. तेव्हा डोक्यात बसलं की जो फिल्टर धुवायला अवघड तो धुतला जात नाही, आणि जो धुतला जात नाही तो शेवटी काढून टाकला जातो. म्हणून मी नंतर उलटीकडनं सुरवात केली. आमच्या बाबांना, वय ६८, पाना न घेता, खाली न वाकता, एकट्यानं पाच मिनिटांत धुता आला पाहिजे, एवढी एकच अट घातली आणि मग पाइप कापायला घेतला.

गाळायचं नेमकं काय आहे ते आधी बघूया. नैसर्गिक शेतीवाल्या सुभाष पाळेकरांच्या पद्धतीत २०० लिटर पाण्याला १० किलो देशी गायीचं शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती, हे बहुतेकांना पाठच आहे. ह्यात त्रास देणाऱ्या वस्तू तीन. एक, शेणातलं चघाळ, गवताच्या काड्या. दोन, खाली बसणारा गाळ, माती आणि बेसनाचा. तीन, वरचा फेस आणि साय, कारण आंबताना गॅस सुटतो आणि तो काड्यांना उचलून वर आणून ठेवतो. म्हणजे घाण खाली पण आहे आणि वर पण आहे, त्यातल्या त्यात चांगलं पाणी मधी आहे. हे कळलं की अर्धं काम जाळीशिवायच होतंय.

तर शेण बॅरलमधी मोकळं टाकूच नका. गोणपाटाच्या पोत्यात बांधून आडव्या काठीला लोंबकळत सोडा, सकाळ-संध्याकाळ काठीनं ढवळताना ते पोतं पण दाबून काढा, अर्क सगळा उतरतो आणि चघाळ पोत्यातच राहतं. आणि बॅरलची तोटी तळाला लावू नका, तळापासनं १ फूट वर लावा. खालचं ६०-६५ लिटर त्यातनं येणार नाही, नाही येऊ दे, ते वेगळ्या व्हॉल्वनं काढून बादलीनं सरीत ओता, वाया काही जात नाही. वरची साय खाली खाली येत तोटीच्या तीन-चार बोटं वर आली की तोटी बंद करा, मोह करू नका.

आता मुख्य फिल्टर. माझ्याकडं तीन निळे २०० लिटरचे बॅरल आहेत, वरचं तोंड पूर्ण उघडणारे. पहिल्यात जीवामृत आंबतंय, दुसऱ्यात फिल्टर, तिसऱ्यात गाळलेलं साठतंय आणि तिथनं व्हेंच्युरी, म्हणजे ड्रिपच्या पाण्यात खत ओढून मिसळणारी नळी, ओढून घेते. पहिला ३ फुटाच्या ओट्यावर, दुसरा १ फुटाच्या, तिसरा जमिनीवर. हिशोब असा की पहिल्याची तोटी जमिनीपासनं ४ फुटावर येते, फिल्टरमधनं बाहेर पडायचं तोंड साडेतीन फुटावर, आणि बॅरल ३ फूट उंच, त्यामुळं मोटार न लावता सगळं आपोआप वाहतंय. आमच्या खानापूरकडं जमिनीला उतारच एवढा आहे की बांधाच्या टप्प्यावर बॅरल मांडले तरी भागतंय, निपाणी-चिकोडीकडच्या सपाट काळ्या रानात मात्र ओटा बांधावाच लागेल. आणि पहिल्या बॅरलजवळ उभं रहायला दगडाची पायरी करा, शेणाचं पोतं घेऊन वर चढायचं असतंय.

दुसऱ्या बॅरलमधी मधोमध ११० एमएमचा पीव्हीसी पाइप उभा सोडायचा, साधारण ८५ सेंटीमीटर लांब. खालचं तोंड एन्ड कॅपनं बंद. खालच्या ५० सेंटीमीटरमधी १२ एमएमची साठ-सत्तर भोकं पाडायची, वरचा भाग कोरा ठेवायचा. कोऱ्या भागाला बाजूनं ३२ एमएमचा पाइप काढून तो टँक निप्पलनं (बॅरलच्या भोकात बसवायचा जोड) बॅरलच्या बाहेर, हे तोंड बॅरलच्या तळापासनं अडीच फुटावर येतंय. पाइपचं वरचं तोंड बॅरलच्या काठाच्या वर दिसलं पाहिजे, आणि त्यावर नुसतं ठेवायचं झाकण, चिकटवायचं नाही. खाली एन्ड कॅप आणि बॅरलचा तळ ह्यात वीतभर जागा मोकळी सोडायची, गाळ बसायला.

ह्या भोकांच्या पाइपवर जाळी येते, आणि इथं मी केलेली चूक तुम्ही करू नका. मी पहिल्यांदा जाळी थेट पाइपवर गुंडाळली. चालू केल्यावर लवकरच तुंबली, म्हणून काढून बघितली तर जाळीवर नुसते गोल गोल ठिपके, बांगडीच्या टिकलीएवढे, प्रत्येक भोकासमोर एक, आणि बाकीची जाळी कोरी करकरीत. म्हणजे जाळी एवढी मोठी असून काम करत होती ती फक्त भोकांएवढी. जाळी पाइपला चिकटून बसली की असंच होणार. त्यावर उपाय सोपा आहे, मधी कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती प्लॅस्टिकची जाड जाळी एक वेढा गुंडाळायची आणि तिच्यावर बारीक जाळी. आता बारीक जाळी पाइपपासनं सुटी राहते, पाणी कुठनंही आत शिरतंय आणि जाळीच्या मागनं वाहत भोकापर्यंत जातंय. ११० एमएमच्या पाइपला ५० सेंटीमीटर लांबी म्हटली तर १७०० चौरस सेंटीमीटर जाळी कामाला लागते. तुलना करायची तर ६३ एमएम पाइपच्या तोंडाला जाळी बांधली तर ती भरते जेमतेम २७-२८ चौरस सेंटीमीटर. साठ पट फरक आहे, म्हणजे तेवढाच गाळ साठ पट जागेवर पातळ पसरतोय.

बारीक जाळी १२० मेशची नायलॉनची घ्या. १२० मेश म्हणजे एका इंचात १२० घरं, एका घराचं तोंड साधारण १२५ मायक्रॉन. ड्रिपरमधल्या वाटेच्या सातव्या ते दहाव्या भागाएवढी बारीक गाळणी पाहिजे असा ठोकताळा आहे, वाट १ एमएमच्या आसपास धरली तर १२० मेश बरोबर बसतंय. लोखंडी जाळी नकोच, आंबलेल्या पाण्यात गंजते. स्टीलची चालते पण तिला घडी पडली की तुटते, आणि मला पाहिजे होती खोळ.

खोळ म्हणजे उशीच्या अभ्र्यासारखी. मापाचं कापड घेऊन टेलरकडं गेलो, त्याला सांगितलं खाली तळ शिव, वर नेफा घाल आणि नाडी ओव, आणि शिवण दोनदा दुमडून घे म्हणजे सुईच्या भोकातनं काही जाणार नाही. तो आधी विचारात पडला, मग म्हणाला, "अहो दादा, हे घालणार कोण?" पाइप म्हटल्यावर त्यानं दोन खोळी मन लावून शिवून दिल्या. दोन करायच्याच, एक पाइपवर, एक धुऊन वाळत. नाडी बांधल्यावर वरनं सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळा, नेफ्याजवळनं गळती राहत नाही.

आता घाण कुठं राहते बघा. पाणी बाहेरनं आत जातंय, त्यामुळं घाण खोळीच्या बाहेरच्या अंगाला, डोळ्यासमोर. बाजारातल्या बऱ्याच फिल्टरात पाणी जाळीच्या आतनं बाहेर जातंय आणि घाण आत कोंडून बसते, तिथं बोटं पण पोचत नाहीत. प्रेशरच्या लाइनवर त्याची सोय वेगळी असेल, पण आपल्या चिकट पाण्याला बाहेरनं आत हेच बरं.

धुवायची वेळ कधी हे कळायला प्रेशर गेज नको. झाकण उचलून पाइपात बघा आणि बाहेर बॅरलमधी बघा. जाळी स्वच्छ असेल तर दोन्हीकडची पातळी जवळजवळ सारखी. आतली पातळी चार-पाच बोटं खाली गेली की समजायचं जाळी भरत आलीये. तेव्हा पहिल्या बॅरलची तोटी बंद करायची, पाइपचं झाकण काढून ठेवायचं, आणि फिल्टरच्या बॅरलचा तळाचा व्हॉल्व एका झटक्यात पूर्ण उघडायचा. बॅरल भरभर रिकामा होतोय आणि पाइपच्या आतलं गाळलेलं पाणी जाळीतनं उलटं बाहेर येतंय, येताना बाहेरचा थर ढकलतंय. साय धरलेला तो थर वरनं खाली घसरत जातो, बघायला एवढं बरं वाटतंय. मग वरनं पाइपात एक बादली साधं पाणी जोरात ओता, राहिलेलं निघून जातं. बाबा हे सगळं उभ्यानं करतात, चड्डीवर एक थेंब नाही.

तळाचा व्हॉल्व मात्र २ इंचीच घ्या आणि बॉल व्हॉल्व. अर्धा इंची तोटी लावाल तर पहिल्याच दिवशी काडी अडकेल आणि झटक्यानं रिकामं होणार नाही, मग उलटं पाणी जाळी धुणार कसं. चक्र फिरवायचा गेट व्हॉल्व पण नको, त्याच्या खाचेत चघाळ बसलं की पूर्ण मिटत नाही. बॅरलच्या मागच्या बाजूला खाली एक फरशीचा तुकडा सरकवा म्हणजे उतार व्हॉल्वकडं होतोय. आणि निघालेला गाळ पाइपनं सरळ उसाच्या सरीत सोडा, ते खतच आहे.

आणि एक. जिथं एल्बो लावणार तिथं टी लावा आणि तिसऱ्या तोंडाला आट्यांचं बूच. तुंबलं की बूच काढून तार घालता येते, पाइप कापावा लागत नाही. खर्च किरकोळ वाढतोय. तसंच बॅरलच्या आत, ३२ एमएमच्या पाइपला युनियन (हातानं सोडता येणारा आट्यांचा जोड) लावा, काठापासनं अर्ध्या फुटावर हात पोचतो तिथं, म्हणजे बॅरल रिकामा केल्यावर हातानं युनियन सोडून अख्खा पाइप वर उचलता येतोय. हातानंच आवळायचं, इथं प्रेशर काहीच नाही.

ओव्हरफ्लो विसरू नका. मी एकदा तोटी चालू ठेवून बेळगावला गेलो, यायला उशीर झाला, जाळी भरली, आणि पहिला बॅरल उंचावर असल्यामुळं येतच राहिलं, सगळं काठावरनं सांडून ओट्याभोवती चिखल आणि माश्या. काठाच्या २ इंच खाली एक भोक पाडून पाइप सरीत सोडला असता तर काही झालं नसतं. फ्लोट लावायचा विचार असेल तर नको, त्याचं बारीक तोंड आधी तुंबतंय.

आठवड्यातनं एकदा, किंवा जीवामृत सोडायचं काम संपलं की लगेच, खोळ काढून धुवायची. लगेच म्हणजे लगेच, दहा मिनिटांत. वाळली की शेण-गुळाचं पापुद्रं भिंतीच्या गिलाव्यासारखं धरतंय आणि मग घासून घासून जाळीच फाटते. आतनं बाहेर पाण्याचा फवारा मारा, मऊ ब्रश चालतो, तारेचा नको. बुळबुळीत वाटायला लागली तर गरम पाण्यात भिजवून उन्हात वाळवा. ब्लीचिंग पावडर वापरू नका, ज्या जिवाणूंसाठी एवढा खटाटोप ते मरतात. आणि लाइन साफ करायला म्हणून ॲसिड आणि ब्लीचिंग कधीच एकत्र करू नका, विषारी गॅस होतो.

खडी-वाळूचा फिल्टर का नाही असं बरेच जण विचारतात. साध्या पाण्याला तो उत्तम आहे, पण गुळाच्या पाण्यात वाळूच्या कणांना चिकट थर धरतो, गोळे होतात, आणि मग १०० किलो वाळू उपसून कोण धुणार? बाबांच्या अटीत तो बसत नाही.

पावसाळ्यात मलप्रभेचं गढूळ पाणी ह्याच फिल्टरनं गाळू का असं विचाराल तर त्यातल्या पाला-काड्या, शेवाळ अडेल, गढूळपणा जाणार नाही. चिकणमातीचा कण २ मायक्रॉनपेक्षा पण लहान, आपली जाळी १२५ ची. त्याला आधी पाणी टाकीत थांबवून निवळू द्यायला पाहिजे.

सोडताना आधी वीसेक मिनिटं साधं पाणी, मग जीवामृत, मग परत १५-२० मिनिटं साधं पाणी, म्हणजे लॅटरलमधी काही आंबत राहत नाही. थ्री फेज कधी जाईल ह्याचा नेम नाही, म्हणून शेवटची वीस मिनिटं हाताशी ठेवूनच व्हेंच्युरी उघडा, करंट जायची वेळ जवळ आली असेल तर त्या दिवशी सोडू नका, उद्या सोडा. ड्रिपचा डिस्क फिल्टर आहे तसा राहू दे, तो ह्याच्यानंतर, आणि पंधरा दिवसांनी लॅटरलची शेवटची टोकं उघडून बघा. पहिल्या धारेचं पाणी पांढऱ्या मगात धरा. त्यात काळ्या काड्या दिसल्या तर खोळ काढून शिवण उजेडात धरून बघा, तिथंच कुठंतरी टाका सुटलेला असतो.