फ्लश टँकचे रबर-प्लास्टिकचे पार्ट क्लीनरने खराब होतायत का, कसं ओळखायचं आणि कसं वाचवायचं

आमच्या फ्लश टँकमधून रात्रभर कमोडमध्ये बारीक धार पडत राहायची, दोन वर्षांपूर्वीच बसवलेला टँक, म्हणून आधी वाटलं पाण्याचं प्रेशर जास्त असेल. मग झाकण काढून खालचा रबरी वायसर हातात घेतला तर बोटं काजळ लागल्यासारखी काळी झाली, आणि रबर दाबलं की दबलेलंच राहायचं. कारण होतं मीच टँकमध्ये टाकत आलेली ब्लीचची टॅबलेट.

क्लोरीन रबराच्या आणि प्लास्टिकच्या आतल्या लांब साखळ्या तोडतं, मग रबर मऊ पडतं नाहीतर फुगतं आणि प्लास्टिक पांढुरकं होऊन कडकड मोडायला लागतं. अमेरिकेत 1978 ते 1995 या काळात पॉलिब्युटिलीन नावाच्या प्लास्टिकचे पाईप घराघरांत बसवले होते, तिथे नळाच्या पाण्यातल्या जेमतेम क्लोरीननेसुद्धा ते पाईप आणि त्यांचे प्लास्टिकचे जोड आतून तडकले, 1995 मध्ये कंपन्यांना कोर्टात घरमालकांशी 95 कोटी डॉलरची तडजोड करावी लागली. आता विचार करा, टॅबलेट टाकलेल्या टँकमध्ये रात्री सात-आठ तास कोणी फ्लश करत नाही, ती तिथेच विरघळत राहते आणि सगळे पार्ट त्या पाण्यात बुडलेले असतात.

पहिलं काम, गळती आहे का बघा. टँकच्या पाण्यात खाण्याचा रंग थोडा घाला आणि अर्धा तास फ्लश करू नका. कमोडमध्ये रंग उतरला तर वायसर गेला समजा. (निळी टॅबलेट असेल तर आधी ती काढून दोन-तीन वेळा फ्लश करा, नाहीतर काहीच कळणार नाही.)

मग अँगल कॉक (टँकला पाणी देणारा भिंतीतला छोटा नळ) बंद करून टँक रिकामा करा आणि आतले पार्ट नीट बघा. बऱ्याच टँकमध्ये मधला फ्लश वाल्व्ह थोडा फिरवला की वर निघतो, जोर लावू नका, जुनं प्लास्टिक तिथेच तुटतं. वायसरवर बोट फिरवा, काळं लागलं किंवा कडा वाकड्या झाल्या असतील तर बदलायचाच. प्लास्टिकवर नखाने ओरखडा काढा, पांढरी पावडर निघाली तर तो पार्ट फार दिवस टिकणार नाही. कनेक्शन पाईपच्या प्लास्टिक नटला आट्यांजवळ केसासारखी चीर आहे का हे बॅटरी लावून बघा, कारण तो नट फुटला की घरात कोणी नसताना पाणी हॉलपर्यंत येतं. जुना वायसर खिशात टाकून दुकानात न्या, मापं वेगवेगळी असतात.

नवीन नट हाताने घट्ट करायचा आणि वर फार तर पाव फेरा, बास. पान्याने आवळलेल्या प्लास्टिकवर आधीच ताण असतो आणि त्यावर क्लीनर पडला की चीर तिथूनच सुरू होते.

आता बाटल्यांची लेबलं वाचा. सोडियम किंवा कॅल्शियम हायपोक्लोराइट, म्हणजे ब्लीचच, लिहिलं असेल तर ते टँकमध्ये अजिबात नको. हायड्रोक्लोरिक ॲसिडवाला टॉयलेट क्लीनर फक्त कमोडच्या भांड्यात, जेट स्प्रेवर, नळावर किंवा नटवर नाही, पडलाच तर लगेच भरपूर पाणी ओता. थिनर तर प्लास्टिकच्या जवळही नेऊ नका. आणि ब्लीच आणि ॲसिड कधीही एकत्र करू नका, विषारी क्लोरीन वायू होतो, बाथरूम केवढं छोटं असतं आपलं!

टँक साफ करायला मी आता लिंबूसत्त्व वापरते. बोअरच्या पाण्याचा पांढरा थर असेल तर लिटरभर कोमट पाण्यात दोन चमचे, त्यात फडकं भिजवून पुसायचं, पाणी आत येतं तिथली बारीक जाळी आणि जेटचं तोंड अर्धा तास बुडवून ठेवायचं आणि मग साध्या पाण्याने धुवायचं. महिन्यातून एकदा पुरतं.

बेसिन तुंबलं की लोक लगेच कॉस्टिक सोड्याचे खडे टाकतात, त्याने माझा जीव खालीवर होतो. कॉस्टिक पाण्यात पडलं की उकळल्यासारखं तापतं आणि साधा पीव्हीसी 60 अंशांच्या पुढे मऊ पडायला लागतो, पीटीएमटीचे (प्लास्टिकचे) नळ तर पॉलिस्टरच्या जातीचे, त्यांना तीव्र अल्कली चालत नाही. त्यापेक्षा बादली लावून खालचा बॉटल ट्रॅप, म्हणजे बेसिनखालचा बाटलीसारखा भाग, हाताने उघडा, बहुतेक वेळा केसांचा बोळाच निघतो. कॉस्टिक आधीच टाकलं असेल तर मात्र स्वतः उघडू नका आणि प्लंबर आला की त्याला आधी सांगा, अंगावर उडालं तर डोळे जातील त्याचे.

शेवटचं, ॲसिडची आणि ब्लीचची बाटली बेसिनखालच्या कपाटात ठेवू नका. झाकण जरा सैल असलं तरी वाफ सुटते आणि स्टीलची जाळी असलेले कनेक्शन पाईप गंजतात, आमच्या शेजारी असाच एक पाईप पहाटे फुटला होता. मी बाटल्या बाल्कनीत मुलांचा हात पोचणार नाही अशा ठिकाणी ठेवते, आणि नवीन वायसर बसवला की टँकच्या झाकणाला आतून मार्करने तारीख लिहून ठेवते.