जाहिरातीच्या आधी शब्द : लहान उत्पादकाने वेबसाइटवर ग्राहक कसे आणावेत आणि विक्री कशी वाढवावी

वेबसाइट तयार झाली आहे, मालाची छायाचित्रे आणि दर तिच्यावर चढवले आहेत, यूपीआयने पैसे घेण्याची सोय झाली आहे आणि कुरिअरवाल्याशी बोलणे झाले आहे, असे मी येथे गृहीत धरते. अडचण त्यापुढची असते. वेबसाइटवर कोणी फिरकत नाही आणि जे येतात ते काही न घेता निघून जातात. सिंधुदुर्गात आमच्या घरी आगळ (कोकमाचा मीठ घातलेला रस), आमसुले आणि कोकम सरबत तयार होते. त्याची वेबसाइट मी बरीच वर्षे सांभाळते आणि त्या अनुभवाच्या जोरावर ओळखीतल्या काही उत्पादकांच्या वेबसाइटही मार्गी लावून दिल्या आहेत. या सगळ्या काळात सर्वांत जास्त वेळा कानावर पडलेला सल्ला म्हणजे ‘थोडे पैसे टाकून जाहिरात करा, गिऱ्हाईक आपोआप येईल’. हा सल्ला ऐकून पैसे घालवलेली माणसे मी पाहिली आहेत आणि पहिल्या वर्षी मीही त्यांच्यातच होते. जाहिरातीची पाळी फार उशिरा येते. तिच्या आधीची कामे बिनपैशाची असतात, मात्र चिकाटीने करावी लागतात.

आधी मोजण्याची सोय

गुगल सर्च कन्सोल आणि गुगल अ‍ॅनालिटिक्स ही दोन्ही मोफत साधने आजच जोडावीत. पहिले आपली पाने गुगलच्या शोधात कशी दिसतात ते सांगते, दुसरे वेबसाइटवर आलेली माणसे काय करतात ते. ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपवर येत असेल, तर त्या बटणावरचे क्लिक अ‍ॅनालिटिक्समध्ये वेगळे नोंदले जाईल अशी व्यवस्था वेबसाइट बनवणाऱ्याकडून करून घ्यावी.

छायाचित्रे आकाराने लहान करून चढवावीत. पानाचा मुख्य भाग मोबाइलवर २.५ सेकंदांच्या आत दिसावा अशी गुगलची अपेक्षा आहे आणि गुगलच्या पेजस्पीड इनसाइट्स या साधनावर ते फुकट तपासता येते.

ग्राहकाचा शब्द सापडेपर्यंत

मला सर्वांत जास्त दमवले ते या पायरीने, म्हणून येथे सविस्तर लिहिते. पहिली दोन वर्षे आमच्या मुख्य पानाचे शीर्षक ‘अस्सल कोकणी मेव्याचे घरगुती दालन’ असे होते. वाचायला ते गोड वाटते, पण हे शब्द गुगलच्या चौकटीत कोणीही लिहीत नाही. ज्या बाईंना रविवारी पाहुण्यांसाठी सोलकढी करायची आहे, त्या ‘सोलकढीसाठी आगळ’ असे लिहितात आणि आमच्या पानावर तर ‘सोलकढी’ हा शब्दच नव्हता. आमच्या घरी आगळाचा उपयोग कोणाला सांगावा लागत नाही, त्यामुळे तो लिहावा हे मला सुचलेच नाही.

कोकमाच्या बाबतीत हा गुंता फार मोठा आहे. झाडावरच्या फळाला आम्ही रातांबा म्हणतो. त्याची साले मीठ आणि रसाची पुटे देऊन वाळवली की आमच्याकडे त्यांना सोलं म्हणतात, पुण्याच्या स्वयंपाकघरात तीच आमसुले होतात आणि मुंबईत बहुतेक जण त्यांना नुसते कोकम म्हणतात. मीठ घातलेला रस म्हणजे आगळ. साखर घालून केलेले कोकम सरबत काही घरांत अमृत कोकम या नावाने ओळखले जाते. त्यात हे सगळे रोमन लिपीत लिहिणारे ग्राहक वेगळे. ‘कोकम’मधला दुसरा स्वर कोणी ‘यू’ने दाखवतो, तर कोणी ‘ए’ने. ‘आगळ’ची सुरुवात कोणी एका ‘ए’ने करतो, तर कोणी दोन ‘ए’नी. आपल्या मालाचीही अशी चार-पाच नावे नक्की असतील, मग तो गूळ असो, घोंगडी असो की पैठणी. ती कागदावर उतरवल्याशिवाय पुढे जाऊ नये.

शब्द गोळा करण्याचा माझा सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे फोनजवळ ठेवलेली वही. ग्राहक पहिल्या वाक्यात जे बोलतो ते जसेच्या तसे लिहायचे, आपल्या भाषेत सुधारून नव्हे. माझ्या वहीतल्या एका पानावरच्या नोंदी अशा आहेत : ‘सोलकढीचं ते लाल आगळ आहे का?’, ‘त्यात मीठ किती असतं?’, ‘एका बाटलीत किती वाट्या सोलकढी होते?’, ‘बाटली काचेची की प्लास्टिकची, वाटेत फुटली तर?’, ‘फ्रिजमध्ये ठेवायला लागतं का?’. या पाच प्रश्नांची उत्तरे ज्या दिवशी आगळाच्या पानावर लिहिली, त्यानंतर त्या पानावरून ऑर्डर येऊ लागल्या. तोवर तेथे ‘निसर्गाच्या कुशीतून थेट तुमच्या घरी’ असा मजकूर होता.

दुसरा मार्ग म्हणजे गुगलच्या चौकटीत आपल्या मालाचे नाव अर्धवट लिहून खाली येणाऱ्या सूचना पाहणे. हे मराठीत एकदा आणि रोमन लिपीत एकदा करावे, कारण दोन्हींच्या सूचना वेगळ्या येतात.

तिसरा मार्ग सर्च कन्सोलचा. वेबसाइट काही महिने चालू राहिली असेल, तर परफॉर्मन्स अहवालात लोकांनी काय लिहिल्यावर आपले पान गुगलच्या निकालांत दिसले, किती वेळा दिसले, किती क्लिक मिळाले आणि सरासरी क्रमांक कितवा होता, हे सगळे दिसते. अहवालात १६ महिन्यांपर्यंतची माहिती राहते. मागचे तीन महिने निवडून यादी इम्प्रेशन्सप्रमाणे, म्हणजे जास्त वेळा दिसलेले शब्द वर येतील अशी लावावी आणि ज्यांचा सरासरी क्रमांक साधारण ८ ते २० आहे अशा ओळी वेगळ्या काढाव्यात. गुगल तुम्हाला या शब्दांसाठी ओळखते, पण ग्राहकाची नजर तेथवर पोहोचत नाही, आणि कमी श्रमात जास्त फळ येथेच मिळते. त्या शब्दावर कोणते पान दिसते ते पाहावे, तो शब्द पानाच्या शीर्षकात आणि पहिल्या परिच्छेदात सहज बसतो का ते तपासावे, बसत असेल तर तसे लिहावे आणि सर्च कन्सोलमधल्या यूआरएल इन्स्पेक्शन या सोयीतून पान पुन्हा तपासण्याची विनंती करावी. आमच्या यादीत अशाच एका तपासणीत ‘डाळीसाठी कोकम’ हा शोध वारंवार दिसला. मुंबईतल्या गुजराती घरांत डाळीत कोकम घालतात, हे ठाऊक असूनही आम्ही त्या ग्राहकाचा कधी विचार केला नव्हता. मग आमसुलांचे एक पान केवळ त्याच्यासाठी लिहिले : एक वाटी डाळीला किती पाकळ्या घालाव्यात, आधी धुवून मीठ कसे कमी करावे आणि कोणत्या आकाराचे पाकीट महिनाभर पुरते. ते पान आज आमच्या आमसुलांच्या विक्रीचा मोठा आधार आहे.

गोळा झालेले शब्द हेतूप्रमाणे वेगळे करावेत आणि या बाबतीत कोणतीही तडजोड करू नये. ‘आगळ कसे करतात’ असे शोधणाऱ्याला कृती हवी असते, ‘आगळ १ लिटर किंमत’ असे शोधणारा पैसे हातात घेऊन उभा असतो आणि ‘आगळ होलसेल’ शोधणारा हॉटेलवाला असण्याची शक्यता असते. तिघांना एकाच पानावर कोंबले की तिघेही जातात. मी सुरुवातीला आगळ आणि सरबत एकाच पानावर ठेवले होते. नाशिकच्या एका ताईंनी आगळ मागवले, त्यात थंड पाणी घालून मुलांना सरबत म्हणून दिले आणि मग खारट लागल्याची तक्रार केली. चूक पूर्णपणे आमच्या पानाची होती, म्हणून पैसे परत केले. आता आगळाच्या पानाची पहिली ओळ अशी आहे : ‘यात साखर नाही, मीठ आहे. हे सोलकढीसाठी आहे. सरबत हवे असेल तर येथे पाहा.’ ती तक्रार पुन्हा आलेली नाही.

येथे तीन गोष्टींपासून सावध राहण्यास सांगते. पहिली, पानाच्या आत लपवलेल्या ‘कीवर्ड्स’च्या यादीसाठी कोणालाही पैसे देऊ नयेत. एका एजन्सीने आमच्याकडून चांगली रक्कम घेऊन ४० शब्दांची अशी यादी पानात भरून दिली होती. गुगलने मात्र क्रमवारीसाठी ही यादी, म्हणजे कीवर्ड्स मेटा टॅग, वापरत नसल्याचे २००९ मध्येच जाहीर केले होते. दुसरी, विकत मिळणाऱ्या लिंक्स, म्हणजे दुसऱ्या वेबसाइटवरून आपल्याकडे येणारे दुवे, घेऊ नयेत. अशाच कृत्रिम लिंक्स पकडण्यासाठी गुगलने २०१२ मध्ये निकालांचा क्रम ठरवण्याच्या पद्धतीत पेंग्विन हा बदल आणला आणि त्यात अनेक वेबसाइट निकालांत खाली गेल्या. ‘महिन्यात पहिल्या पानावर आणतो’ अशी हमी देणाऱ्याला दारातूनच निरोप द्यावा, कारण अशी हमी देणे कोणाच्याही हातात नसते. तिसरी, पान बदलल्यावर किमान सहा आठवडे त्याला हात लावू नये. रोज शीर्षक बदलणाऱ्याला कोणत्या बदलाचा काय परिणाम झाला ते कधीच कळत नाही. मी स्वतः एका उन्हाळ्यात हे केले आणि तो सगळा हंगाम शिकण्याच्या दृष्टीने वाया गेला.

पान लिहिताना

प्रत्येक वस्तूचे स्वतंत्र पान असावे. शीर्षकात वस्तूचे नाव आणि माप सुरुवातीला यावे, कारण लांब शीर्षक गुगल शेवटाकडून कापते. पानाच्या पत्त्यात रोमन लिपीतले प्रचलित नाव वापरावे आणि मजकूर मराठीत लिहून रोमनमधले नाव एकदाच सहज येऊ द्यावे. वजन, टिकण्याची मुदत आणि कुरिअरचा खर्च पहिल्या पडद्यावरच सांगावा. कुरिअरचा खर्च अगदी शेवटी दाखवला की भरलेली टोपली तशीच टाकून ग्राहक निघून जातो.

विश्वासाचा भाग टाळू नये. खाद्यपदार्थ विकत असाल तर एफएसएसएआयचा (अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी क्रमांक लिहावा. २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांप्रमाणे विक्रेत्याचे नाव, पत्ता आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचा संपर्क वेबसाइटवर द्यावा लागतो. लहान उत्पादक याला कटकट समजतात, पण अनोळखी माणसाला आगाऊ पैसे पाठवणाऱ्या ग्राहकाला धीर देणारी याहून चांगली गोष्ट मला माहीत नाही.

जाहिरात : आधी हिशोब, मग पैसे

वरचे सगळे झाले आणि महिन्याला काही ऑर्डर स्वतःहून येऊ लागल्या की मगच जाहिरातीचा विचार करावा. आधी एक साधा हिशोब मांडावा. समजा एका क्लिकला ७ रुपये पडतात आणि पानावर आलेल्या ४० जणांपैकी एक जण खरेदी करतो, तर एका ऑर्डरमागे जाहिरातीचे २८० रुपये गेले. ३०० रुपयांची एक बाटली हा बोजा पेलू शकत नाही. म्हणून एकतर तीन बाटल्यांचा किंवा आगळ, आमसुले आणि सरबत असा एकत्र संच विकावा, नाहीतर आधी पान सुधारून ४० चे २० करावेत. २० पर्यंत आले की तीच ऑर्डर १४० रुपयांत पडते.

गुगलवरच्या जाहिरातीची माझी पहिली मोहीम मी सेटिंग्ज न वाचता सुरू केली होती. शब्दांची जुळणी ‘ब्रॉड मॅच’वर, म्हणजे मिळत्याजुळत्या शोधांनाही जाहिरात दिसेल अशी, राहिली आणि कोकम बटर शोधणाऱ्यांना, म्हणजे सौंदर्यप्रसाधनांसाठी बियांचे तेल हवे असलेल्यांना, तसेच कोकमाचे रोप शोधणाऱ्या बागायतदारांना आमच्या आगळाची जाहिरात दिसत राहिली. क्लिक भरपूर आले, ऑर्डर एकही आली नाही. तेव्हापासून मी सुरुवात नेहमी ‘एक्झॅक्ट’ किंवा ‘फ्रेज’ मॅचने, म्हणजे दिलेल्या शब्दांच्या जवळ राहणाऱ्या जुळणीने करते, ‘बटर’, ‘रोप’, ‘झाड’, ‘कृती’, ‘फायदे’ हे नकारात्मक शब्द (जे शोधात असले तर जाहिरात दिसत नाही) दोन्ही लिप्यांत पहिल्याच दिवशी घालते, डिस्प्ले नेटवर्क (इतर वेबसाइटवर दिसणाऱ्या जाहिराती) बंद करते आणि ठिकाणाच्या पर्यायात ‘प्रेझेन्स’ निवडते, म्हणजे जेथे माल पोहोचवू शकतो तेथेच असलेल्या माणसांना जाहिरात दिसते. पहिले दोन आठवडे लोकांनी प्रत्यक्षात काय लिहून क्लिक केले, ती सर्च टर्म्सची यादी रोज पाहावी.

आलेला ग्राहक टिकवणे

एकदा माल घेतलेला ग्राहक पुन्हा आला तर जाहिरातीचा खर्च शून्य असतो. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवर ग्राहकांच्या परवानगीने ब्रॉडकास्ट यादी (एकच संदेश अनेकांना स्वतंत्रपणे पाठवण्याची सोय) करावी. एका यादीत २५६ नंबर बसतात आणि ज्यांनी तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये साठवला आहे त्यांनाच तो संदेश मिळतो, म्हणून प्रत्येक पाकिटात ‘हा नंबर साठवून ठेवा’ अशी चिठ्ठी घालावी. वर्षाला चार-पाच संदेश पुरे. सणासुदीच्या शुभेच्छा रोज पाठवणाऱ्यांना लोक ब्लॉक करतात.

हंगाम संपल्यावर पान काढू नये

ताजे रातांबे एप्रिल-मेमध्ये येतात आणि पाऊस लागला की संपतात. हंगामी माल विकणारे बहुतेक जण माल संपताच ते पान काढून टाकतात आणि पुढच्या वर्षी नवे बनवतात. याने वर्षभराची कमाई पुसली जाते, कारण गुगलने ओळखलेला पत्ताच नाहीसा होतो. आम्ही ते पान त्याच पत्त्यावर ठेवतो, ‘या वर्षीचे रातांबे संपले, पुढची तोडणी एप्रिलमध्ये’ असे वर लिहितो आणि खाली नाव-नंबर घेण्याची सोय करतो. पावसाळ्यात मुद्दाम शोधून तेथे येणारी माणसे कमी असतात, पण ती नंबर देतात आणि मार्चच्या अखेरीस पहिला संदेश त्यांनाच जातो. पुढच्या हंगामासाठी एखादे नवे पान लिहायचे असेल तर ते जानेवारीपर्यंत वेबसाइटवर चढवावे. एप्रिलमध्ये लिहिलेले पान गुगलवर वर येईपर्यंत झाडावरची फळे संपलेली असतात.