बायपास झाल्यावर पायातून काढलेली शीर कशी जपायची

आपल्या सोलापुरात कुणाची बायपास झाली की भेटायला येणारा प्रत्येकजण सांगतो, नवीन पाइप बसले, आता काय बघायला नको. तसं नसतंय.

आधी डिस्चार्ज कार्ड काढा. त्यात लिमा लिहिलं असेल तर ती छातीतली धमनी, दहा वर्षांनी पण दहातल्या साधारण नऊ चालू असतात. एसव्हीजी म्हणजे पायातली शीर, आणि काळजी हिचीच, कारण दहा वर्षांत यातल्या जवळपास निम्म्या बंद पडतात नाहीतर खराब होतात.

कारण ती शीर पायात कमी दाबावर काम करायची आणि आता एकदम धमनीच्या जागी बसवल्यावर बीपीचा सगळा दणका तिच्यावर. पहिल्या महिन्यात बंद पडली तर बहुतेक रक्ताची गुठळी होऊन. मग वर्षभर आतला थर जाड होत जातो, आणि त्यानंतर कोलेस्ट्रॉल साचायला लागतं, म्हणजे तोच जुना आजार नव्या जागी. ऑपरेशनने ब्लॉकेजला वळसा मिळाला, आजार तिथंच आहे.

म्हणून गोळ्या. गुठळीसाठी अ‍ॅस्पिरिन, शक्यतो कायमची. दाढ काढायची म्हणून किंवा पित्त होतंय म्हणून आपल्या मनाने बंद करायची नाही, आधी हार्टच्या डॉक्टरला फोन. कोलेस्ट्रॉलची स्टॅटिन तर सगळ्यात जास्त लोक सोडतात, का तर रिपोर्ट नॉर्मल आला! अहो तो गोळी चालू आहे म्हणूनच नॉर्मल आलाय. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्ट्रॉल, ७० च्या खाली हवं, बरेच डॉक्टर आता ५५ च्या खाली म्हणतात. अंग फारच दुखत असेल तर सांगा, डोस किंवा गोळी बदलून मिळते.

विडी-सिगरेट पूर्ण बंद, त्याने ग्राफ्ट (म्हणजे जोडलेली शीर किंवा धमनी) लवकर खराब होतो. मावा पण बंद, आणि घरातल्या बायकांची मिश्री पण तंबाखूच आहे, हे आज्जीला कोण सांगणार तो भाग वेगळा, पण सांगावं लागतं.

शुगर, बीपी घरी लिहून ठेवायचं. ज्वारीची कडक भाकरी खुशाल खा, शेंगाचटणी मात्र चिमूटभर, तेल आणि मीठ दोन्ही त्यात. चालायला सिद्धेश्वर तलावाकडं जा, पण एप्रिल-मेमध्ये ऊन चढायच्या आत घरी.

छातीत पुन्हा भरून आलं, चालताना दम लागला तर गॅस म्हणून सोडा पिऊन बसू नका, लगेच ईसीजी काढा, आणि बसल्याजागी दुखत असेल, घाम येत असेल तर १०८ ला फोन. जाताना ते डिस्चार्ज कार्ड बरोबर घ्या, कुठला ग्राफ्ट कुठं जोडलाय हे कळलं की अँजिओग्राफी करणाऱ्याला शोधत बसावं लागत नाही.