खुर्चीवर नुसतं बसायचं होतं

परदेशी नाट्यशाळेतला पहिला आठवडा. वर्गाच्या मधोमध एक खुर्ची ठेवली होती. एकेकाने यायचं, बसायचं आणि दोन मिनिटं काहीही करायचं नाही. बाकीचे बघणार. मनात म्हटलं, एवढंच?

माझी पाळी आली. वीसेक सेकंदांत माझा उजवा अंगठा शेजारच्या बोटाच्या नखावर घासायला लागला. तो थांबवला तर ओठांवर हसू आलं. ते आवरलं तर श्वासच अडकला. शिक्षिकेने शांतपणे विचारलं, "आता हे कुणासाठी चाललंय?" मला उत्तर देता आलं नाही. तोवर माझं सगळं कौतुक झालं होतं ते 'एनर्जी'चं. ती काढून घेतल्यावर मागे काय उरतं, हे मी कधी बघितलंच नव्हतं.

अभिनय शिकायला बाहेर जाणाऱ्यांनी या खुर्चीची तयारी ठेवावी. शाळेशाळेत तिचं रूप बदलतं, पण गाठ पडतेच. फ्रेंच नाट्यशिक्षक जॅक लकॉक यांनी १९५६ मध्ये पॅरिसला शाळा सुरू केली. त्या परंपरेत हे काम न्यूट्रल मास्क करतो. पूर्ण चेहरा झाकणारा, कुठलाच भाव नसलेला मुखवटा. तो घातला की बोलायचं नाही. माझं हसू झाकलं गेलं, तर खांदे पुढे झुकून तेच आर्जव करायला लागले. चेहऱ्याला गप्प केलं की अंग चहाडी करतं, हे मी तिथे शिकले.

स्थिर बसायला सांगितलं की नवखा माणूस ताठ होतो. गुडघे घट्ट, जबडा आवळलेला, नजर भिंतीवर. ते गोठणं झालं. स्थिर माणसाचा श्वास पोटापर्यंत जातो आणि समोरचं त्याला खरोखर दिसत असतं. हा फरक मला अलेक्झांडर टेक्निकच्या, म्हणजे अंगातला नकळतचा ताण ओळखून सोडायला शिकवणाऱ्या पद्धतीच्या, तासाला कळला. ती घडवणारे एफ. एम. अलेक्झांडर हे एकपात्री सादरीकरण करणारे नट. प्रयोगात त्यांचा आवाज बसायचा. आरशात स्वतःला न्याहाळताना त्यांच्या लक्षात आलं, की बोलायला सुरुवात करताच आपलं डोकं मागे खेचलं जातं. माझंही तेच निघालं: वाक्याआधी हनुवटी वर! यावरचा एक व्यायाम अगदी साधा आहे. डोक्याखाली दोन-तीन पुस्तकं घेऊन, गुडघे वर करून पंधरा-वीस मिनिटं पाठीवर पडून राहायचं. झोप लागू द्यायची नाही. रोज करा, परक्या भाषेत दिवसभर ऐकून डोकं शिणतं, त्यावरही बरं पडतं.

भाषेची धास्ती मला सगळ्यात जास्त होती. सुटका झाली ती सॅनफर्ड माइझनर यांच्या रिपिटिशनमध्ये. न्यूयॉर्कमध्ये शिकवणाऱ्या या नटाचा व्यायाम असा: दोघं समोरासमोर, समोरच्यात दिसतं ते एकाने बोलायचं, दुसऱ्याने तेच परत म्हणायचं. "तू हसतेयस." "मी हसतेय." "तू हसतेयस." "मी हसतेय." सातव्या-आठव्या वेळेला माझं हसू गळून पडलं. जोडीदार म्हणाला, "आता तू घाबरलीयस." खरंच होतं. इथे चटपटीत बोलता यावं लागत नाही. पण त्याच कारणाने लपायलाही जागा राहत नाही.

उघडं पडणं म्हणजे रडणं, असा समज घेऊन मी गेले होते. दुसऱ्या महिन्यात एका प्रवेशात ढसाढसा रडले आणि जिंकल्यासारखं वाटलं. शिक्षिका म्हणाली, "तू आत शिरलीस आणि समोरचा माणूस तुला दिसेनासा झाला." झोंबलं. पण नाट्यशाळांमध्ये 'कोण जास्त रडतं' अशी एक छुपी स्पर्धा चालते. तिच्यात उतरू नका. स्वतःची ताजी जखम वर्गात काढून दाखवायचं बंधन तुमच्यावर नाही. अभिनयाची पद्धत मांडणारे रशियन दिग्दर्शक स्तानिस्लावस्की यांनीही पुढे नटाच्या स्वतःच्या आठवणींपेक्षा शारीरिक कृतीवर जास्त भर दिला. स्पर्श असलेला प्रवेश असेल तर कुठे, किती, हे आधी ठरवून घ्या. नको असेल तर नको म्हणा. तेही प्रशिक्षणच आहे.

ब्रिटनमध्ये शिकणार असाल तर एक व्यवहाराची गोष्ट. स्टुडंट व्हिसावर अभिनयाचं व्यावसायिक काम साधारणपणे करता येत नाही. आधी वाईट वाटतं. पण त्यामुळे ऑडिशनची घाई नसते, स्वतःला विकायचं नसतं, आणि खुर्चीवर नुसतं बसण्यासाठी इतका निवांतपणा पुन्हा मिळत नाही.

दुसऱ्या सत्रात शिक्षिकेने स्वगत मातृभाषेत करायला सांगितलं. मला वाटलं, आता आपलं राज्य. पहिल्याच वाक्याला हनुवटी वर गेली, हात हवेत फिरले, आवाजात जुना रुबाब आला. परक्या भाषेत चार महिने कमावलेली स्थिरता दोन ओळींत गेली. वर्गाला शब्द कळत नव्हते, पण काहीतरी बिघडलंय हे सगळ्यांना दिसलं. शिक्षिकेने खुर्ची पुढे सरकवली. मी बसले. अंगठा पुन्हा नखावर घासायला लागला. या वेळी त्याला थांबवलं नाही, नुसतं घासू दिलं, आणि पहिली ओळ पुन्हा म्हटली.